मूठ कुणाची, मूल कुणाचं

जानेवारी-फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या शाळांची गॅदरिंग सुरू होतात. निमंत्रणपत्रिकेवर वार्षिक स्नेहसंमेलन छापलेलं असतं, पण गावात त्याला गॅदरिंगच म्हणतात. शाळेला रंगमंच नसतो. कुणीतरी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी-शेजारी लावून देतो, वर फळ्या टाकतात, फळ्यांवर सतरंजी. मंडपवाल्याचा पोरगा तिसरीत असतो, म्हणून भाडं निम्मं. नऊवाऱ्या, फेटे, गजरे हे खातं आयांकडे. आणि मग सूत्रसंचालन करणारे गुरुजी एकेका नाचानंतर माईकवर चिठ्ठी वाचतात: अमक्यांकडून 101 रुपये, तमक्यांकडून 501. कोळीगीत रंगलं तर चिठ्ठ्यांचा पाऊस, नाटुकल्याला जेमतेम. रात्री उशिरा हिशेब होतो आणि त्या पैशांतून पाण्याचा फिल्टर दुरुस्त होतो, लेझीम येतात, भिंती ‘बोलक्या’ करायला रंग येतो.

यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या आईबापांच्या, आजोबांच्या नाहीतर मामांच्या असतात. मुलगी नाचली, बापानं पैसे दिले, नाव पुकारलं गेलं. गावाला यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. पण धर्मविचारातला एक जुना पेच या चिठ्ठीत आहे. स्वतःच्या लेकराच्या शाळेला दिलं, तर ते दान म्हणायचं का?

काटेकोर उत्तर ‘नाही’ असंच येतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. द्यायला हवं म्हणून दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशाला दिलेलं ते सात्त्विक. फळावर नजर ठेवून किंवा कुरकुरत दिलेलं राजस. आता चौथीतल्या पोरीच्या बापानं शाळेला पंखा दिला, तर वारा तिलाही लागणार. परतफेड घरातच झाली. शिवाय वर्गणीची यादी फिरते तेव्हा कुरकुरणारे किती असतात, ते यादी फिरवणाऱ्याला विचारावं. इस्लामी धर्मशास्त्र तर याहून स्वच्छ बोलतं. जकात स्वतःच्या मुलांना देता येत नाही. त्यांचा सांभाळ हे आधीच कर्तव्य आहे आणि कर्तव्याचा खर्च जकातीच्या खात्यात मांडता येत नाही. (त्याच परंपरेतली एक हदीस सांगते की, माणूस जे जे खर्च करतो त्यात कुटुंबावर घातलेल्या दिनाराचं पुण्य सर्वांत मोठं. म्हणजे पुण्य लागतं, जकात मात्र फिटत नाही.) आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू बजावतो की दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नका. गुरुजींच्या हातातला माईक या इशाऱ्यातून सुटणं अवघड आहे.

तीन परंपरा, तिन्हींकडे पालक नापास. तरीही त्या 101 रुपयांत काहीच नाही असं म्हणायला मन धजत नाही, आणि तसं म्हणणं चूकही ठरेल.

पाली त्रिपिटकातल्या मज्झिमनिकायात ‘दक्खिणाविभंग’ नावाचं सुत्त आहे. स्थळ कपिलवस्तूजवळचा निग्रोधाराम. महाप्रजापती गौतमी नव्या वस्त्रांची जोडी घेऊन बुद्धाकडे येते. सूत तिनं स्वतः कातलेलं, वस्त्रं स्वतः विणलेली. सिद्धार्थाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत मायादेवी वारली आणि या मावशीनं त्याला दूध पाजून वाढवलं. कापड तिनं त्याच्यासाठी विणलं आहे आणि ती तसं सांगतेही. बुद्ध म्हणतो, संघाला दे. संघाला दिलंस की माझाही मान होईल आणि संघाचाही. ती पुन्हा विनवते. तिसऱ्यांदा विनवते. उत्तर तेच. शेवटी शिष्य आनंदाला राहवत नाही. या माउलीनं तुम्हाला अंगावर पाजलंय, तिचं घ्यावं, अशी रदबदली तो करतो. बुद्ध तिचे उपकार नाकारत नाही. पण त्यानंतर तो दानाची सगळी उतरंडच मांडतो: व्यक्तीला द्यायच्या दानाचे 14 प्रकार, संघाला द्यायच्या दानाचे 7. आणि निवाडा देतो की, व्यक्तीला दिलेलं दान संघाला दिलेल्या दानापेक्षा कधीच मोठं ठरत नाही. त्या 14 प्रकारांत पहिलं स्थान खुद्द बुद्धाला दिलेल्या दानाचं आहे, हे ध्यानात घेतलं म्हणजे या निवाड्याचा धीटपणा कळतो.

गौतमीनं माया आवरावी असं बुद्ध सांगत नाही. कापड कुठे ठेवायचं एवढंच सांगतो. कापड विणलं गेलं ते मायेपोटीच. ती नसती तर संघालाही काही मिळालं नसतं. शाळेतल्या पालकांच्या समितीचं खरं काम नेमकं हेच आहे. आईबाप येतात ते आपल्या पोरासाठी. परक्या पोरांसाठी कुणी शेतातली कामं टाकून शनिवारी दुपारी शाळेत येऊन बसत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. समितीनं त्या ओढीला वाट काढून द्यायची, अशी की पैसा निघाला एका पोरासाठी आणि पोचला पटावरच्या सगळ्यांना.

त्या सात प्रकारांत एक बारकावा आहे. दाता संघाकडे ‘मला इतके भिक्षू द्या’ एवढंच मागतो. कोणते द्यायचे ते संघ ठरवतो. घेणारा निवडण्याचा हक्क देणाऱ्याच्या हातून गेला की दान मोठं होतं, असा याचा अर्थ. शाळेत हे रोज आडवं येतं. पंखा देतो, पण तो माझ्या मुलाच्या वर्गात लावा. संगणक देतो, पण तो सातवीलाच. असल्या अटीला ‘नाही’ म्हणणारा अध्यक्ष मिळणं हे कुठल्याही गावाचं भाग्य आहे.

साताऱ्यात हे तत्त्व धान्याच्या रूपानं उतरलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. या पंगती चालल्या त्या बऱ्याच अंशी मुष्टिफंडावर. घरातल्या बाईनं रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची आणि साठलं की शाळेला द्यायचं. कोणत्या घरची मूठ कोणत्या पोराच्या ताटात गेली, हे पोत्यात धान्य एकत्र झाल्यावर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मराठ्याघरची ज्वारी महाराच्या पोरानं खाल्ली आणि महाराघरची मराठ्याच्या पोरानं. हे त्या काळात उपदेश करून झालं नसतं. एका पोत्यानं करून दाखवलं. वसतिगृह अडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह अंगावरचे दागिने मोडले. ती मुलं त्यांच्या पोटची नव्हती.

आज या पोत्याची जागा कायद्यानं घेतली आहे, निदान कागदावर. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. सरकारी शाळांत शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदान कसं खर्च होतं ते बघणं ही समितीची कामं. सुत्तात असं म्हटलं आहे की, पुढच्या काळात गळ्यात नुसती काषाय चिंधी मिरवणारे भिक्षू आले, तरी संघाच्या नावे दिलेल्या दानाचं मोल अमापच राहील. कायदा एवढा उदार नाही, आणि ते बरंच आहे. वर्गणीचा हिशेब पाहिल्याशिवाय कुणी पुण्यावर विसंबू नये.

मात्र ज्यांच्याकडे द्यायला मूठभरही नाही त्यांचं काय? बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. गॅदरिंग होतं तेव्हा तो फडात असतो. गॅदरिंगच्या चिठ्ठ्यांत त्याचं नाव नाही, सभेच्या नोंदवहीत सही नाही. मूल शाळेतून सुटू नये म्हणून या भागात हंगामी वसतिगृहं चालतात. आजीआजोबांजवळ राहिलेली मुलं शाळेतच जेवतात. त्या मुलाच्या बापानं शाळेला काय दिलं, असं विचारणाऱ्यानं आधी चहात साखर घालणं थांबवावं.

देण्याचे पैशाविना प्रकारही पुष्कळ आहेत आणि त्यांना माईक मिळत नाही. 2022 पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू आहे. त्यात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या पाच-सहा आया एकेका आळीत गट करतात, एकीला लीडर माता म्हणतात आणि घरातल्याच वस्तू घेऊन मुलांकडून छोट्या कृती करून घेतात. डाळ-तांदूळ वेगळे करणं, भांडी लहान-मोठी लावणं, रेघांवरून उड्या मारणं. ओट्यावर एक बाई पाच मुलांना घेऊन बसते तेव्हा त्यातलं एकच तिचं असतं. बाकी चौघांना ती जे देते ते गीतेच्या कसोटीला सहज उतरावं.

आणखी एक चाल महाराष्ट्रात स्नेहभोजन म्हणून ओळखली जाते. गुजरातेत ती तिथीभोजन म्हणून रुजली. मुलाच्या वाढदिवसाला किंवा घरातल्या कुणाच्या स्मृतिदिनाला पालक सगळ्या शाळेला जेवण देतात. निमित्त आपलं मूल, पंगत सगळ्यांची. गौतमीचं वस्त्र संघाला पोचलं ते असं. पण योजनेच्या नियमात एक अट आहे: हे जेवण सरकारी पोषण आहाराला जोड म्हणून द्यायचं, त्याच्या जागी नाही.

ही अट लहान दिसते, पण दानाच्या विचारात नेहमी राहून जाणारी गोष्ट तीच आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी पुण्य-दान असला शब्दच काढला नाही. शेतकरी सारा भरतो, लोकल फंड भरतो आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, ही त्यांची तक्रार होती. निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. शाळा हे रयतेचं येणं होतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. राज्यानं शाळा द्यायची, पालकानं मूल पाठवायचं, दोन्हीकडे कर्तव्यच. ज्या शाळेचं छत गळतं तिथे पालकांनी वर्गणी काढून पत्रे बदलले, तर पालकांचं कौतुक जरूर व्हावं, पण त्याच दिवशी पंचायत समितीच्या इमारतीत कुणालातरी जाबही विचारला जावा. लोकसहभागाच्या सत्कारात हा दुसरा भाग सोयीस्करपणे गळतो.

सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं दत्तक शाळा योजना आणली. ठरावीक मूल्याची वस्तुरूप मदत करणाऱ्या दात्याला आपल्या पसंतीचं नाव काही वर्षांसाठी शाळेला जोडता येईल, अशी तिच्यात तरतूद आहे. भाऊरावांबद्दल एक गोष्ट सांगतात. शाळेचं नाव बदला, मोठी देणगी देतो, असं एक धनिक म्हणाला तेव्हा, एक वेळ बापाचं नाव बदलीन पण शाळेचं बदलणार नाही, असं त्यांनी सुनावलं. दोन्ही गोष्टी याच राज्यातल्या, मध्ये शंभर वर्षंही गेलेली नाहीत. पंख्याच्या पातीवर आजोबांचं नाव रंगवणारा शेतकरी त्या मानानं निरुपद्रवी म्हणायचा. पंखा सुरू झाला की नाव दिसतही नाही.

नावाशिवाय देणं यंदाच्या सहलीच्या वेळी करून बघता येईल. शालेय सहलींना एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, तरी प्रत्येक वर्गात चार-दोन मुलं ‘मला बस लागते’ म्हणून मागे राहतात आणि गुरुजींना खरं कारण ठाऊक असतं. सहलीआधीच्या सभेत पालकांनी ती नावं विचारू नयेत. एकूण किती पैसे कमी पडतात तेवढा आकडा मुख्याध्यापकांकडून घ्यावा, तेवढी रक्कम जमवावी आणि वहीत फक्त ‘सहल, शाळेतर्फे’ असं लिहावं.