उघड्या दाराचं वजन

भाची इंजिनियरिंगला आहे आणि यवतमाळच्या घरी बसून शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धनौका आखते. स्प्रिंगशार्प नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. लांबी-रुंदी, तोफा, पोलादी कवच, वेग आणि बांधणीचं साल भरलं, की सांगाडा टिकेल का, नौका समुद्रात स्थिर राहील का, खर्च किती येईल, याचा सगळा हिशेब ते मांडतं. तिची नौका कल्पनेतली आहे : १९१२ साली हिंदुस्थानच्या तिजोरीतून बांधलेली बॅटलक्रूझर. न्यूझीलंडने त्याच सुमारास अशी एक नौका स्वतःच्या पैशाने ब्रिटिश आरमाराला दिली होती. हिंदुस्थानने दिली असती, तर त्यात वऱ्हाडचा शेतसाराही गेला असता. आमचा वाद मात्र पैशावरून झाला नाही.

भाची : चोवीस हजार टनांत बसवायची आहे, मामाजी. साडेतेरा इंची आठ तोफा, वेग अठ्ठावीस नॉट. बाजूचं कवच नऊ इंच धरलं की सांगाड्याची ताकद ०.९३ येते. निदान १ तरी पाहिजे. सहा इंच केलं की बसते.

मी : मग वेग कमी कर.

भाची : काहून? वेगासाठीच तर ही नौका आहे. पंचवीसवरून अठ्ठावीस नॉटवर जायचं तर इंजिनाची ताकद चाळीस टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या घनाने वाढत जाते. ते वजन कुठून तरी काढावंच लागतं. ॲडमिरल फिशरने तेच केलं. १९०८ ची इन्व्हिन्सिबल पाहा : बारा इंची तोफा, पंचवीस नॉट वेग आणि कवच सहा इंच. हलक्या नौकेला गाठायचं, जड नौकेच्या वाटेला जायचं नाही.

मी : आत माणसं किती?

भाची : ९७० ते १२६१.

मी : हा आकडा तू भरलास?

भाची : नाही. तो आपोआप निघतो, नौकेच्या वजनावरून.

मला नेमकं हेच खटकलं. तोफ, कवच, वेग यांची निवड आखणारा करतो. माणसं उत्तराच्या रकान्यात येतात. ३१ मे १९१६ ला इंग्रज आणि जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईत इन्व्हिन्सिबल, इनडिफॅटिगेबल आणि क्वीन मेरी या इंग्रजांच्या तीन बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या. प्रत्येकीवर हजारावर माणसं होती. इन्व्हिन्सिबलवरची सहा वाचली.

भाची : तुम्ही जटलंडच धरून बसता. १ नोव्हेंबर १९१४ चं कोरोनेल पाहा ना. तिथे इंग्रजांच्या दोन जुन्या क्रूझर जर्मनांनी बुडवल्या. दीड हजारांवर माणसं गेली, एकही वाचलं नाही. ना धड पळता आलं, ना धड मारता आलं. महिनाभराने फॉकलंडला त्याच जर्मन नौकांना कोणी गाठलं? इन्व्हिन्सिबल आणि इन्फ्लेक्सिबलनेच. फिशरच्या वेगाने. सावकाश चालणाऱ्या जाड कवचाच्या नौकांनी त्यांना गाठलंच नसतं.

तिचं हे म्हणणं मला खोडता आलं नाही, आणि खोडूही नये. पातळ कवच म्हणजे आखणाऱ्याचा निष्काळजीपणा, इतकं ते सोपं नाही.

मी : बरं, कवच बाजूला ठेवू. न्यूझीलंडने दिलेली ती ‘न्यूझीलंड’ नौका आणि इनडिफॅटिगेबल एकाच आराखड्याच्या बहिणी. जटलंडला इनडिफॅटिगेबल हजारावर माणसांसकट फुटली, दोघं-तिघं वाचले. न्यूझीलंडला एकच मोठा गोळा लागला. ती पुढे मार्च १९१९ मध्ये मुंबई बंदरात आली, जटलंडचा सेनापती जेलिको याला घेऊन. आराखडा तोच. मग फरक कशाचा?

भाची : थोडा नशिबाचा. पण फुटण्याचं खरं कारण बहुतेक दारं. इंग्रज तोफांची दारू म्हणजे कॉर्डाइट...

मी : म्हणजे कापूसच. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात मुरवलेला, त्यात नायट्रोग्लिसरीन, थोडी खनिज जेली.

भाची : हो. आणि तो रेशमी पिशव्यांत भरलेला. पिशव्या कोठारातून वर टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजात, जायच्या. मधली दारं आगीची ज्वाळा खाली उतरू नये म्हणून होती. पण गोळे भराभर सुटावेत म्हणून दारं उघडी ठेवायचे, पिशव्या कोठाराबाहेर रचून ठेवायचे. टरेटमध्ये गोळा फुटला की आग थेट खाली. इंग्रजांची लायन ही बॅटलक्रूझर त्या दिवशी वाचली, कारण मरता मरता मेजर हार्वेने कोठारात पाणी सोडायला लावलं. आता सांगा, दारं उघडी ठेवली खलाशांनी, त्यात आखणाऱ्याचा काय दोष?

मी : २०१७ चा हंगाम तुला आठवतो?

भाची : फवारणीचा?

मी : त्या वर्षी आपल्याकडे कपाशीची पऱ्हाटी डोक्याला लागली होती. कीटकनाशकाचा फवारा खालून वर मारायचा आणि तो तोंडावरच यायचा. जिल्ह्यात विषबाधेने विसाहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. औषधाच्या डब्याबरोबर सूचना होत्या : मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा. अक्षर मुंगीएवढं. दमट उकाड्यात पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणाऱ्याच्या नाकावर मास्क टिकेल, हे कोणी धरून चाललं होतं? नंतर त्याच्याकडेच बोट दाखवलं, की त्याने काळजी घेतली नाही.

भाची काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली ते मी जसंच्या तसं देतो, कारण ते माझ्यापुढचं होतं.

भाची : पण मामाजी, खलाशी आळशी नव्हते. जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकला लढाई झाली. जर्मनांच्या सायड्लिट्झचे मागचे दोन्ही टरेट जळाले, दीडशेवर माणसं गेली. जर्मनांनी त्यातून धडा घेतला, दारू हाताळायची रीत बदलली. जटलंडला तिला विसाहून जास्त मोठे गोळे आणि एक टॉर्पेडो लागला, तरी ती घरी परतली. इंग्रजांनी त्याच लढाईतून काढलं, की आपण आणखी भराभर मारायला हवं. म्हणजे दारं उघडी राहिली ती वरून घाई होती म्हणून.

मी : मजुरालाही घाईच असते. अनेक ठिकाणी किती पंप मारले यावरच मजुरी ठरते.

भाची : मग हे पाहा. दुहेरी दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडणारच नाही अशी. स्प्रिंगशार्पमध्ये दाराला रकाना नाही, म्हणून दीडशे टन किरकोळ वजनात टाकले. वेग एक नॉट उतरवला. नौका बुडवायला किती गोळे लागतील हा सॉफ्टवेअरचा आकडा त्या दारांमुळे जराही वाढला नाही.

मी : म्हणजे कागदावर नौका आधीपेक्षा वाईट झाली.

भाची : हो. दोन आराखडे शेजारी ठेवले तर कोणताही आरमारी अधिकारी पहिलाच उचलील. शिवाय अशा दारांनी तोफ मंदावते. समोरची नौका आपल्यासाठी थांबणार आहे का?

मी : नाही थांबणार. मग?

भाची : मग तोफा आठाच्या सहा करते. मारा कमी पडेल, तो मी आखतानाच कमी करते, माझ्या नावावर. आधीच्या आराखड्यात मी तीच तूट त्या ९७० ते १२६१ लोकांकडून भरून घेत होते, त्यांना न विचारता.

मी : आणि कमी तोफांमुळे ती हरली, तर मरणारे तेच ना?

भाची : तेच. ते मला सुटलेलं नाही.

सहा तोफांचा आराखडा तिने केला. सांगाड्याची ताकद १.०२ आली. उरलेल्या वजनात कवच वाढवायचं की गेलेला नॉट परत आणायचा, यावर आमचं अजून जमत नाही.