निजलेल्यावरून लेखणी उचलली जाते, अंथरूण घालणाऱ्यावरून नाही

परम कृपाळू, अत्यंत दयाळू अल्लाहच्या नावाने.



काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातील एका पहाटे, फज्रच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीच्या पायरीवर माझी वाट पाहत उभा होता. त्याचे अडीच महिन्यांचे बाळ रात्री दुधासाठी उठले नाही, म्हणून आईने चाचपून पाहिले, तेव्हा ते थंड पडलेले होते. थंडी फार म्हणून ते आई-वडिलांच्या मधोमध, एकाच जाड रजईखाली निजवलेले होते. त्या जनाजाला खांदेकऱ्यांची गरज पडली नाही. वडिलांचे दोन हात पुरेसे झाले. तीन दिवसांनी तो पुन्हा आला आणि पत्नीचा निरोप त्याने खाली मान घालून सांगितला, “मौलाना, ती विचारते, मी माझ्या बाळाची गुन्हेगार आहे का?”

मृत्यूचे नेमके कारण डॉक्टरांनाही सांगता आले नव्हते. त्या मातेला मी जे उत्तर दिले, ते शेवटी सांगेन. त्याआधी ज्यांची बाळे आज रात्री कुशीत निजणार आहेत, त्या माता-पित्यांशी मला बोलायचे आहे.

शरीअतने हा प्रसंग ओळखलेला आहे

मदरशात ‘कुदूरी’ हा हनफी फिकहचा ग्रंथ शिकताना मनुष्यवधाचे पाच प्रकार पाठ करावे लागतात. त्यांतील चौथा प्रकार म्हणजे चुकीने झालेल्या वधासारखाच मानला जाणारा वध, आणि त्याचे उदाहरण असे की, झोपलेला मनुष्य कूस बदलताना दुसऱ्याच्या अंगावर जातो व तो दुसरा मरण पावतो. सोळा-सतराव्या वर्षी मला ते निव्वळ पुस्तकी उदाहरण वाटले होते. झोपेत कोणी कोणाला कसे मारील? पुढे स्वतःच्या घरात पाळणा हलला, तेव्हा उमगले की ते उदाहरण लिहिणाऱ्या विद्वानांनी माणसांची घरे पाहिली होती.

या मसल्यात दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की निजलेल्या माणसावरून, तो जागा होईपर्यंत, कर्म लिहिणारी लेखणी उचलली जाते. म्हणून झोपेत घडलेल्या हालचालीचे पाप हेतुपूर्वक केलेल्या वधासारखे लिहिले जात नाही. दुसरी म्हणजे, तरीही फिकहने अशा मृत्यूला ‘काही घडलेच नाही’ असे म्हटलेले नाही. त्यावर दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. याचा अर्थ अल्लाहच्या दरबारी तो जीव, मग तो अडीच महिन्यांचा का असेना, पूर्ण मोलाचा आहे.

या दोन गोष्टींतून एक तिसरी आपोआप स्पष्ट होते. लेखणी निजलेल्यावरून उचलली जाते. अंथरूण घालणाऱ्यावरून ती उचललेली नसते. डोळा लागण्यापूर्वीची ती दहा मिनिटे आपण जागे असतो, शुद्धीवर असतो आणि उत्तरदायी असतो. प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या ताब्यातील जिवांविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण जाणतोच. अंथरूण घालण्याची वेळ त्या राखणदारीचाच एक भाग आहे.

रात्रीच्या सुन्नती कशासाठी आहेत?

प्रेषित (स.) यांनी झोपण्यापूर्वीचे जे शिष्टाचार शिकवले, त्यांकडे एकदा या दृष्टीने पाहा. मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले, तेव्हा त्यांनी अग्नीला शत्रू म्हटले आणि निजताना तो विझवण्याची आज्ञा केली. उंदीर दिव्याची वात ओढून घर पेटवील, इतके बारीक कारणही त्यांनी सांगितले. भांडी झाकावीत, पाण्याच्या पखालींची तोंडे बांधावीत, सांजवेळी मुलांना घरात घ्यावे. ज्या छताला कठडा नाही, त्यावर रात्री झोपणाऱ्याविषयी तर त्यांनी असे बजावले की, त्याच्यावरील संरक्षणाची हमी उठली. आणि बिछान्यावर जाण्यापूर्वी तो वस्त्राच्या पदराने झटकावा. कारण आपल्या माघारी त्यावर काय येऊन बसले, हे आपणास ठाऊक नसते.

आपल्यापैकी पुष्कळजण आजही अंथरूण झटकतात, दुआ म्हणतात आणि निजतात. परंतु या सुन्नतीचा आत्मा हा आहे की, झोपेत आपले भान जाणार आहे हे ओळखून, भान असतानाच धोका दूर करावा. मोठ्या माणसाच्या बिछान्यात विंचू हा धोका आहे. तान्ह्या बाळाच्या बिछान्यात मऊ उशी हाही धोका आहे, कारण नाकावर आलेले कापड ते हाताने दूर करू शकत नाही.

“अल्लाह राखणारा आहे”

“अल्लाह राखणारा आहे, आम्हीही असेच वाढलो,” असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्या पहिल्या वाक्यावर आपला ईमान आहे. परंतु उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांध, मग भरवसा ठेव, असे सांगितले होते. दिव्य कुरआनातील हजरत मूसा (अलै.) यांच्या मातेचे उदाहरण याहून हृदयस्पर्शी आहे. बाळ तुझ्याकडे परत येईल, असे वचन प्रत्यक्ष अल्लाहने तिला दिले होते. तरीही बाळाला नुसते पाण्यात सोडण्यास नव्हे, पेटीत ठेवून सोडण्यास सांगितले गेले. आणि त्या मातेने आपल्या मुलीला नदीकाठाने लक्ष ठेवत जाण्यास पाठवले. वचन मिळालेल्या मातेने पहारा ठेवला. आपल्याला तर आपल्या बाळाच्या आजच्या रात्रीविषयी तसे वचन मिळालेले नाही.

बाळ कोठे व कसे निजवावे?

बाळाला जवळ घेऊन निजणे हराम किंवा निषिद्ध नाही. आईची कूस ही अल्लाहची देणगी आहे आणि रात्रीचे स्तनपान जवळिकीमुळेच सोपे होते. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा की, निदान पहिले सहा महिने बाळ आई-वडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर निजावे. झोपेतील अचानक मृत्यूचा धोका याच काळात, त्यातही पहिल्या चार महिन्यांत, अधिक असतो. आपली घरे लहान आहेत, एका खोलीत सहा-सात माणसे निजतात, हे मी जाणतो. परंतु वेगळ्या बिछान्यासाठी वेगळी खोली लागत नाही. आईच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर जमिनीवर घातलेली लहान, सपाट, घट्ट गादी पुरते. मच्छरदाणी ताठ उभी राहणारी असावी, बाळाच्या तोंडावर सैल लोंबणारी नसावी.

बाळाला पाठीवर, उताणे निजवावे. उताण्या बाळाच्या नाकात दूध जाईल, अशी आजींना भीती वाटते. परंतु पाठीवर निजलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस असते, त्यामुळे उलटीचे दूध श्वासात जाण्याचा धोका त्या स्थितीत वाढत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे ठेवली जाणारी मोहरीची उशी, बाजूंना लावलेले लोड, तोंडापर्यंत ओढलेली गोधडी, झोपेतही डोक्यावर राहणारे टोपडे, हे सारे निजण्याच्या वेळी काढून ठेवावे. थंडी असेल तर अंगाला बेताचे उबदार कपडे घालावेत, रजई नको. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते व श्वास कोंडू शकतो. तेथे त्याला रात्रभर ठेवू नये.

तरीही बाळ आईच्याच अंथरुणावर निजणार असेल, तर काही अटी पाळाव्यात. गादी घट्ट असावी; मध्ये खोलगट झालेली जुनी गादी नको. बाळ आईच्या बाजूस असावे, दोघांच्या मधोमध नव्हे, आणि मोठ्या भावंडांच्या शेजारी तर मुळीच नव्हे. कारण झोपेतील पाच वर्षांच्या मुलाला बाळाचे भान नसते. आईचे पांघरूण बाळावर येऊ नये, तिची उशी त्याच्या डोक्यापासून दूर असावी आणि मोकळे लांब केस बांधलेले असावेत. पलंग आणि भिंत यांच्यात फट राहू देऊ नये. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून शेजारी निजवू नये. शक्य तर अंथरूण जमिनीवरच घालावे. कठडा नसलेल्या छताची हदीस पलंगाच्या काठालाही लागू करून पाहा.

काही परिस्थितींत मात्र बाळाला अंथरुणात घेऊच नये. ते दिवस भरण्यापूर्वी जन्मले असेल किंवा जन्मतः त्याचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल. आई-वडिलांपैकी कोणी विडी-सिगारेट ओढत असेल. कोणी गुंगी आणणारे औषध घेतले असेल, मग ते साधे सर्दी-खोकल्याचे का असेना. किंवा यंत्रमागावर दोन पाळ्या करून आलेल्या वडिलांचे अंग इतके मोडलेले असेल की हाका मारूनही जाग येणार नाही. नशा तर मुळातच हराम. येथे ती दुसऱ्याच्या श्वासावर येते. आणि सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला छातीशी घेऊन झोपी जाणे हे सर्वांत धोक्याचे. दूध पाजताना डोळा लागेल असे वाटत असेल, तर सोफ्यापेक्षा मोकळे, सपाट अंथरूण बरे.

एक गोष्ट इमाम म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. बाळाच्या गळ्यात काळा दोरा किंवा तावीज बांधून त्याला निजवू नका. दोरा कशात अडकला तर गळ्याला फास बसतो. संरक्षणासाठी शेवटच्या दोन सूरह वाचून बाळावर फुंकर घाला. त्याला दोरा लागत नाही.

पित्याची जबाबदारी

या साऱ्याचा भार एकट्या मातेवर टाकणे अन्याय ठरेल. दिव्य कुरआनने स्तनपानाच्या आयतीतच सांगितले आहे की, मुलापायी मातेला त्रास दिला जाऊ नये, आणि पित्यालाही नाही. रमजानमध्ये स्तनदा मातेला स्वतःविषयी किंवा बाळाविषयी भय वाटल्यास रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. मग जागरणाने थकलेल्या मातेला घराने सवलत का देऊ नये? प्रेषित (स.) बाळाच्या रडण्याचा आवाज ऐकून नमाज आटोपती घेत, कारण मातेच्या मनाची घालमेल त्यांना ठाऊक होती. दूध पाजून झाल्यावर बाळाला उचलून त्याच्या गादीवर ठेवणे, हे काम पित्याने उठून करावे. तेही इबादतच आहे.

आता त्या मातेचे उत्तर. मी सांगितले, “बहिणीला म्हणावे, कारण निश्चित नसताना स्वतःला मारेकरी म्हणू नकोस. झोपेतील माणसावरून लेखणी उचललेली असते. कफ्फाऱ्याचा प्रश्न जाणकार मुफ्तींसमोर, डॉक्टरांच्या म्हणण्यासह ठेवा. ते सांगतील तसे करा. आणि लक्षात ठेव, प्रेषितांचे (स.) पुत्र हजरत इब्राहीम दूधपित्या वयातच गेले, तेव्हा त्यांचेही डोळे पाणावले होते.” शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी एवढेच सांगितले की, त्या दारात कोणीही “लक्ष कसे नव्हते?” असे विचारू नये. जो प्रश्न लेखणी विचारत नाही, तो आपण का विचारावा?

आपल्यापाशी मात्र आजची रात्र आहे. इशानंतर अंथरूण झटकाल, तेव्हा बाळाच्या गादीकडेही एकदा पाहा. उशी दूर करा, पांघरूण सारा, त्याला पाठीवर ठेवा, मग आयतुल कुर्सी वाचा आणि त्याला त्याच्या खऱ्या रक्षकाकडे सोपवा.

हे अल्लाह, आमच्या कुशीतील अमानतींचे रक्षण कर, आम्हाला जागेपणी जबाबदार बनव, आणि ज्यांच्या कुशी रित्या झाल्या त्यांना धीर व उत्तम मोबदला दे. आमीन.