कागदी फूल आणि मृतांचें स्मरण

मेक्सिको देशांत दरवर्षीं नोव्हेंबरच्या १ व २ तारखेस लोक आपल्या मृतांसाठीं घरीं वेदी मांडितात. तीवर झेंडूचीं फुलें वाहतात. त्यांच्या वासानें व रंगानें आत्मे घरची वाट ओळखितात, अशी त्यांची समजूत. कित्येक जण पातळ रंगीत कागदांस चुण्या घालून, मध्यें बांधून, एकेक थर उलगडून फुलें करितात. त्यांस वास नाहीं. तीं आत्म्यांस कशीं बोलावणार? करणाऱ्याच्या मनांत प्रियजनाची आठवण मात्र जागवितात. असें स्मरण ख्रिस्ती मनुष्यास वर्ज्य आहे काय? नाहीं. लाजराच्या कबरेकडे जातांना प्रभूनेंहि अश्रु ढाळिले. आमचे मृत त्याच्या हातीं आहेत. त्यांस फुलांची गरज नाहीं. परंतु मृतासाठीं फूल करणाऱ्या हातानें त्याच्या विधवेच्या घरीं पीठ पोंचविलें नाहीं, तर तें स्मरणहि कागदीच होय.