म्हाकुळाच्या पोटातील धातू

मनमाडच्या दक्षिणेस अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले ज्या सातमाळा रांगेत उभे आहेत, ती रांग पाणी दोन दिशांना वाटून देते. तिच्या दक्षिण उतारावरचे पाणी गोदावरीला मिळते, तर मनमाडची पांझण गिरणेत आणि गिरणा तापीत मिसळून अरबी समुद्र गाठते. इतक्या आतल्या या रेल्वे जंक्शनच्या गावाला म्हाकुळाची ओळख असलीच तर ती काष्ठौषधींच्या दुकानातील समुद्रफेनापुरती, आणि तो पांढरा ठिसूळ तुकडाही फेस नसून म्हाकुळाच्या पाठीतले चुनखडीचे कवच असतो, हे गिऱ्हाइकाला क्वचितच ठाऊक असते.

समुद्री जिवात जड धातू सापडले की दोष नदीने वाहून नेलेल्या सांडपाण्यावर ठेवण्याची आणि किनाऱ्यापासून जितके दूर तितके पाणी निर्मळ असे धरून चालण्याची रीत आहे. म्हाकूळ आणि अष्टपाद या रीतीला जुमानत नाहीत. त्यांचे रक्त निळे असते, कारण त्यात प्राणवायू वाहणाऱ्या हीमोसायनिन या प्रथिनात लोहाऐवजी तांबे असते; पण तांब्याची त्यांना गरज तरी असते, कॅडमियमची अशी कोणतीच गरज ठाऊक नसताना ते पाचकग्रंथीत, म्हणजे यकृताचे काम करणाऱ्या अवयवात, साठत जाते. बहुतेक म्हाकुळांचे आयुष्य वर्षा-दोन वर्षांचे, तरी एवढ्या अवधीत होणारा हा साठा थक्क करणारा असतो.

या कॅडमियमचा मोठा वाटा कारखान्यांचा नसतो. समुद्रात हा धातू फॉस्फेटसारखा वागतो: पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती तो शोषून घेतात, त्या मरून खोल जाऊन कुजल्या की तो तेथे मोकळा होतो, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे पाणी वर आले की त्याबरोबर तोही पुन्हा अन्नसाखळीत शिरतो. दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलन बेटांभोवती, जेथे उद्योगधंदे नाहीत, तेथील अष्टपादांच्या पाचकग्रंथीतही कॅडमियमचे प्रमाण फार मोठे आढळले. उलट खाडीतल्या खडकांच्या कपारीत खेकडे-शिंपले खाऊन जगणाऱ्या अष्टपादाच्या देहात जवळच्या गाळातील शिसे वा पारा उतरू शकतो. एकाच प्रयोगशाळेतील एकच आकडा, म्हणून, दोन अगदी वेगळ्या कुळकथा सांगू शकतो. त्यावरून थेट गुन्हेगार ठरवणे घाईचे होय.

कायद्याला मात्र कुळकथेशी कर्तव्य नसते, आणि ते योग्यच आहे, कारण मूत्रपिंडाला धातूचा उगम कळत नाही. आतील अवयव काढलेल्या म्हाकुळासाठी युरोपीय संघाने कॅडमियमची मर्यादा किलोमागे 1 मिलिग्रॅम, तर कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने 2 मिलिग्रॅम ठेवली आहे. एकाच मांसाला दोन मर्यादा असाव्यात यातच त्यांच्यामागची तडजोड दिसते. ‘अवयव काढलेल्या’ या दोन शब्दांवर सारी भिस्त आहे. म्हाकूळ साफ करताना सगळे लक्ष शाईची पिशवी न फोडण्याकडे असते, कारण शाई हात आणि रस्सा काळा करते. वास्तविक सांभाळून काढायची ती तिच्या शेजारची पिवळट-तपकिरी, मऊ पाचकग्रंथी, जी फुटली तरी डाग दिसत नाही. म्हाकुळे अख्खी गिळणाऱ्या स्पर्म व्हेलला ही निवड करता येत नाही आणि तो साठा तिच्या मूत्रपिंडात जातो.