कळतं, पण वटत नाही

नीतिशास्त्रातल्या सर्वांत अवघड प्रश्नावर जगभरच्या विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. मराठी माणसाने तो प्रश्न चार शब्दांत आटोपला आणि कूस बदलून तो पुन्हा झोपी गेला. ते चार शब्द म्हणजे ‘कळतं पण वळत नाही’.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे व्यायाम. देव आहे की नाही यावर भांडणारे मी पाहिलेत. चहात आलं घालावं की वेलदोडा यावरून घरात अबोला धरलेलाही पाहिलाय. पण ‘व्यायाम वाईट’ म्हणणारा माणूस अजून भेटायचा आहे. एवढं एकमत असूनही पहाटे मैदानावर गर्दी कुत्र्यांचीच जास्त. कारण अडचणी! जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरात उकाडा. मग दिवाळीचा फराळ. तो संपेपर्यंत थंडी. फेब्रुवारी-मार्चात आम्हा बँकवाल्यांचं इयर एंडिंग आणि एप्रिल-मेमध्ये ऊन. झालं वर्ष! आमच्या शाखेत एकाने बूट आणलेत, पण मोजे मनासारखे मिळत नाहीत. दुसऱ्याला सोबत हवी होती. ती मिळाली आणि दोघेही आता मिसळीच्या दुकानापर्यंत नियमित जातात. तिसऱ्याला लाज वाटते. पोट कमी झालं की तो मैदानावर जाणार आहे.

या कोड्यावर ग्रीसमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वाद झाला होता. सॉक्रेटिसचं म्हणणं असं, की चांगलं काय ते खरोखर कळलेला माणूस जाणूनबुजून उलटं वागणारच नाही. वागला तर त्याला कळलेलं नाही असं समजावं. ॲरिस्टॉटलला हे पटेना. तो म्हणाला, माणसाला कळलेलं असतं, पण त्या घटकेला ते कळणं झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाच्या कळण्यासारखं असतं. पहाटे साडेपाचचा गजर बंद करणारा हात ज्याने पाहिलाय, त्याला यातलं ‘झोपलेल्या’ हे अक्षरशः खरं वाटेल.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. मला यात चेक दिसतो.

रात्री साडेदहाला, श्रीखंड-पुरी जिरवत पडलेला माणूस मनाने फार उदार असतो. “उद्यापासून पाचला उठायचं. तासभर चालायचं. वर पंचवीस सूर्यनमस्कार!” असा भरभक्कम चेक तो लिहितो आणि झोकदार सही ठोकतो. चेक लिहिणारा हा रात्रीचा माणूस, पण पैसे द्यायचे पहाटेच्या माणसाने. आणि त्या गरिबाच्या खात्यात त्या वेळी शिल्लक किती? शून्य. चेक वटत नाही. मग दिवसभर सगळेजण शिव्या घालतात त्या पहाटेच्या माणसाला. आळशी, ऐदी, कुंभकर्ण!

कायदा काय म्हणतो पाहा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये १९८८ साली दुरुस्ती करून कलम १३८ घातलं गेलं. पुरेशी शिल्लक नसल्याने चेक परत आला आणि रीतसर नोटीस देऊनही पैसे चुकते केले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कोणाला? खात्याला नव्हे, चेक लिहिणाऱ्याला! शिल्लक नसणं हा गुन्हा नाही. शिल्लक ठाऊक असताना सही ठोकणारा गोत्यात येतो. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करायचा तो रात्रीचा दानशूर. ज्याला आपण पहाटेचा आळस म्हणतो, तो बहुतेक वेळा आदल्या रात्रीचा बडेजाव असतो.

उपाय उघड आहे. रक्कम लहान लिहावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेला हिशेब असा : प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. आठवड्याची मिनिटं १०,०८०. त्यातली १५० म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. शिवाय पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरावी असं म्हणत; ती अटही या वेळी काढून टाकली. म्हणजे चिल्लरसुद्धा जमा होते! लंडनच्या बसवाल्यांवरचा जेरी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा, दुमजली बसचा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. या कंडक्टरांनी कसलाही संकल्प सोडलेला नव्हता. ते आपले तिकिटं देत होते.

चेकवर तिसराही एक माणूस असतो. ज्याच्या नावाने तो लिहिलेला असतो, तो.

तो मला दर नोव्हेंबरात दिसतो. हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर येतात. हल्ली हे काम अंगठा टेकवून घरबसल्याही होतं, तरी पुष्कळांना बँकेत यावंसंच वाटतं. आमची शाखा पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. काही आजोबा पिशवी हलवत वर येतात. काहींसाठी आम्हीच कागद घेऊन खाली रिक्षापाशी जातो. एकदा एका निवृत्त हेडमास्तरांसमोर फॉर्म धरला. सही करता करता ते म्हणाले, “हयात आहे हो, पण खाली आहे!” मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “हा वळत नाही.”

आम्ही दोघेही हसलो. वर येताना मात्र त्या बावीस पायऱ्या मी मोजल्या.

सगळेच गुडघे आळसाने जात नाहीत. आजार, अपघात, नशीब यांना कोण काय करणार? पण जे आपल्या हातात आहे, त्याचं काय? “माझं शरीर आहे, मी वाटेल ते करीन” हे ऐकायला बरं वाटतं. मात्र या शरीराचा शेवटचा भाडेकरू तो सत्तर वर्षांचा म्हातारा आहे. त्याने कशावरही सही केलेली नाही. तो आज तक्रार करू शकत नाही, नोटीस पाठवू शकत नाही. जो अजून हजरच नाही, त्याच्या नावावर कर्ज काढावं का, हा मला व्यायामातला खरा नैतिक प्रश्न वाटतो. मोजे हा नव्हे.

तेव्हा आज रात्री चेक लिहाल तर दहा मिनिटांचा लिहा. तो वटला की पंधराचा. आणि दोन आडव्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ करायला विसरू नका. कारण बायको रोज चालते म्हणून नवऱ्याच्या खात्यात काहीही जमा होत नाही, हे आमच्या शाखेतल्या निम्म्या लोकांना अजून पटलेलं नाही.