मण्याची आतली बाजू

बसवनगुडी, बेंगळुरू

चि. छकुलीस,


नोकरी सोडून काचेचे मणी आणि लोकरीचं फेल्ट हाच पूर्णवेळ व्यवसाय करायचा आणि त्यासाठी कोल्हापूरहून इथं यायचं, असं तू कळवलंस. मला मनापासून आनंद झाला. दादा-वहिनींना काळजी वाटणारच, त्यांच्याशी मी बोलेन. तू विचारलंस की या कामात दिवस कसा जातो आणि येण्याआधी कशाची तयारी करू. सविस्तर लिहिते, कारण तयार माळेचे फोटो बघून या कामाची कल्पना येत नाही. यातलं बहुतेक काम कुणाला दिसत नाही. ते न दिसणारं काम मन लावून केलं तरच माल टिकतो, गिऱ्हाईक टिकतं आणि आपणही टिकतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीबद्दल आहे.

सकाळ काचेला दे. डोळे ताजे असतात, हात स्थिर असतो आणि बेंगळुरूची हवाही सकाळी थंड असते. एप्रिलच्या दुपारी गॅसच्या टॉर्चसमोर बसवत नाही. बसण्याआधी केस घट्ट बांध. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉनची ओढणी अजिबात नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. म्हणून खोलीला वरच्या खिडकीइतकीच खालूनही हवा हवी. नळीचे सांधे साबणाचं पाणी लावून रोज तपास, बुडबुडा दिसला तर त्या दिवशी टॉर्च पेटवू नकोस. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर या कामाला वापरायचा नसतो, व्यावसायिक १९ किलोचा रीतसर घे. डोळ्यांना डिडिमियमच्या काचेचा चष्मा लाव. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळीधमक होते आणि त्या झगमगाटात मणी दिसेनासा होतो. या चष्म्यातून तो स्वच्छ दिसतो. बोरोसिलिकेट काचेवर काम करशील तेव्हा याहून गडद चष्मा लागेल.

मणी वळवायला तुला येतोच. स्टीलची सळई मातीच्या लेपात बुडवून वाळवायची, काचेची कांडी ज्योतीत धरायची आणि वितळलेली काच सळईवर गुंडाळत न्यायची. हात थांबला की मणी एका बाजूला लोंबतो. एवढं कुणीही थोड्या सरावानं शिकतं. मण्याची दोन टोकं मात्र फार थोडे लोक नीट करतात. काच सळईला दोन्हीकडून किंचित आत वळून भिडली पाहिजे, म्हणजे भोकाची कड गोल होते. काच कमी पडली की तिथं धारदार कंगोरा राहतो. वरून मणी कितीही देखणा असला तरी तो कंगोरा रोज थोडा थोडा दोरा कापत राहतो आणि एक दिवस माळ रस्त्यात तुटते. म्हणून मणी हातात आला की नक्षी बघण्याआधी भोक बघ. भोकातला लेप काढताना मणी पाण्यात धरून हिऱ्याच्या कानशीनं घास. कोरडा घासलास तर ती भुकटी श्वासातून छातीत जाते.

दुसरं न दिसणारं काम म्हणजे मणी सावकाश थंड करणं. ज्योतीतून काढलेला मणी बाहेरून लवकर थंड होतो आणि आत गरमच राहतो, त्यामुळे काचेत ताण अडकतो. असा मणी कधी लगेच तडकतो, कधी महिन्याभरानं गिऱ्हाइकाच्या गळ्यात तडकतो. आपण वापरतो त्या मऊ काचेचे मणी भट्टीत साधारण ५१० अंश सेल्सिअसला काही वेळ ठेवायचे आणि मग तासन्‌तास उतरत्या तापमानात थंड होऊ द्यायचे. घाईत भट्टीचं दार उघडायचं नाही. ऑर्डर उद्या द्यायची असली तरी नाही. वीज गेली तर दार बंदच ठेव आणि ती आल्यावर सगळा घाणा पुन्हा तापवून पहिल्यापासून थंड कर. पारदर्शक मण्यातला ताण डोळ्यांनी बघता येतो. पोलराइज्ड काचेचे दोन तुकडे एकमेकांवर आडवे धरले की मधून उजेड येत नाही. त्यांच्यामध्ये मणी धर. ताण असेल तिथं अंधारात उजळ पट्टे चमकतात. नीट थंड झालेला मणी काळोखातच राहतो. प्रत्येक घाण्यातला एखादा मणी असा तपासूनच पुढं जा.

काच विकत घेतानाही हीच नजर ठेव. फिरोजाबादकडची कांडी स्वस्त पडते, मुरानोची महाग. स्वस्त काच वापरायला माझी हरकत नाही, पण दोन्ही एका मण्यात आणायच्या असतील तर आधी चाचणी घे. तापल्यावर प्रत्येक काच आपापल्या मापानं फुगते आणि आकसते. मुरानोच्या मऊ काचेचा प्रसरणांक १०४ धरतात, बोरोसिलिकेटचा ३३. अशा दोन काचा एका मण्यात आल्या तर तो फुटणारच. रंगही रसायनाप्रमाणे वागतात. फिरोजी काचेत तांबं असतं. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की तिच्यावर लालसर साय धरते. हस्तिदंती रंगाशेजारी ती लावली की दोघींच्या सीमेवर काळपट रेघ उमटते. हे सगळं वहीत टिपून ठेव. अशी वही वर्षभर नेमानं लिहिलीस तर पुढं कुठल्याही क्लासपेक्षा ती जास्त शिकवेल.

दुपार लोकरीची. काच आणि लोकर एका खोलीत नकोत. लोकर स्वतः सहज पेटत नाही, पण टेबलावरचा भुरा आणि दोरे ज्योतीजवळ धोक्याचेच. शिवाय लोकरीचा एक केस वितळत्या काचेवर बसला तरी मण्यावर काजळीचा डाग राहतो.

फेल्टचं मर्म लोकरीच्या केसावरच्या बारीक खवल्यांत आहे. गरम पाणी आणि साबण लागला की खवले उघडतात, हात फिरला की एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. इथं पाण्याचं भान ठेव. या शहरात बऱ्याच घरांना बोअरचं जड पाणी येतं. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका लोकरीत बसतो आणि फेल्ट कडक, निर्जीव होतं. कावेरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी या कामाला वेगळं ठेव. २०२४ च्या उन्हाळ्यात इथं पाण्याची केवढी टंचाई झाली ते तू बातम्यांत बघितलंस. खळबळायचं शेवटचं पाणी पुढच्या तुकड्याच्या पहिल्या धुण्याला वापर आणि उरलं ते फरशीला. पाणी जपून वापरणं हाही आपल्या कसबाचाच भाग आहे.

फेल्ट झालं की नाही हे रंगावरून ठरवू नकोस. चिमटीत धरून वर ओढ. वरचे तंतू वेगळे उचलले गेले तर अजून लाटायचं आहे, सगळा थर एकजीव उचलला तर झालं. तुकडा सहज तिसऱ्या हिश्श्यानं आकसतो, म्हणून मोठं काम काढण्याआधी त्याच लोकरीचा छोटा नमुना करून माप लिहून ठेव. रंगवलेली लोकर पांढऱ्या ओल्या फडक्यावर दाबून बघ. रंग सुटला तर तो उद्या कुणाच्या तरी पांढऱ्या कुडत्यावर उतरेल. सुईनं फेल्ट करताना सुई सरळ आत घाल आणि सरळ बाहेर काढ. तिरकी झाली की टोक आत मोडतं, आणि तो तुकडा शोधून काढल्याशिवाय वस्तू विकायची नाही. इथं सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोराचा असतो. ओलं फेल्ट दोन दिवसांत कुबट होतं, तेव्हा त्या महिन्यांत मोठी कामं काढूच नकोस. कसर लागू नये म्हणून लोकर घट्ट डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेव आणि महिन्यातून एकदा उघडून झटक.

मग मणी आणि फेल्ट एकत्र का? कारण दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. काच जड, तिची मोठी माळ मानेला टोचते आणि मणी मण्यावर आपटून टवके उडतात. मध्ये लोकरीचा गोळा ओवला की माळ हलकी होते आणि काचेला गादी मिळते. फेल्ट एकटं असलं की मंद दिसतं, काचेमुळे त्याला पाणी येतं. हा मेळ डोक्यात ठेवून आकार ठरव, नुसता रंग जुळतो म्हणून दोघांना शेजारी बसवू नकोस.

आता माझ्या मनातली मोठी गोष्ट. न दिसणाऱ्या कामासारखी न दिसणारी माणसंही यात आहेत. आपल्याकडे घरोघरी बायकांच्या गळ्यात काळी पोत असते. ते काचेचे मणी कुणी तरी भट्टीसमोर बसूनच केलेले असतात. इथून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर, तिरुपतीजवळ पापानायडुपेटा आहे. तिथले कारागीर वितळलेल्या काचेचा गोळा पोकळ लोखंडी नळीवर घेऊन भट्टीच्या तोंडातून लांबच लांब पोकळ कांडी ओढतात, ती तोडतात आणि राखेत घोळवून पुन्हा तापवतात, म्हणजे मण्यांच्या कडा गोल होतात. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला दोन हजार वर्षांपूर्वी असेच ओढून मणी होत. पापानायडुपेटा एकदा नक्की बघ.

तुझ्या घराजवळही बघण्यासारखं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्यात काचेच्या वस्तूही निघाल्या. पुढं दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास लिहिला, मुंबई विद्यापीठानं तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. ब्रह्मपुरीच्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत, निघण्याआधी जाऊन ये. अभ्यासक जुना मणी भिंगाखाली धरतात तेव्हा काय बघतात, ठाऊक आहे? काचेतले बुडबुडे. ते भोकाला समांतर लांबट असले तर मणी ओढून केलेला, भोकाभोवती फिरत गेलेले असले तर आपल्यासारखा गुंडाळून केलेला. करणाऱ्याचं नाव कुठंच नसतं, पण त्याच्या हाताची रीत दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. आपणही आपल्या मण्यात तेवढंच मागं ठेवणार आहोत, तेव्हा ते नीट ठेवू.

लोकरीचंही तसंच. मऊ मेरिनो परदेशातून येते आणि गळ्याला लागणाऱ्या वस्तूला तीच घे. पण पट्टणकोडोलीकडे दख्खनी मेंढीची लोकर पिंजून, न विणता, दाबून जो जाड नमदा करतात, ज्याला आपण जेन म्हणतो, तो बघितल्याशिवाय फेल्टचा धंदा सुरू करू नकोस. आज धनगरांच्या लोकरीला भाव उरलेला नाही. कातरणीचा खर्च निघत नाही म्हणून कित्येक ठिकाणी लोकर टाकून देतात, आणि मांसाला बऱ्या म्हणून माडग्याळसारख्या मेंढ्या पाळतात. ती काळीभोर लोकर राठ असते, अंगाला टोचते. पण पिशवी, आसन, चष्म्याचं घर, माळेच्या पेटीतला तळ यांना तिच्यासारखी दुसरी नाही. तिला योग्य भाव देऊन घे आणि वस्तूबरोबरच्या चिठ्ठीवर ती कुठल्या मेंढीची, कुणीकडून आली ते लिही. इकडे चित्रदुर्ग-चळ्ळकेरेच्या बाजूला कुरुबांची कांबळी होतात, त्यांच्याशीही ओळख करून घे. त्यासाठी कन्नड शीक. अव्हेन्यू रोडच्या राजा मार्केटात हूक आणि तार घेतानासुद्धा दोन वाक्यं कन्नडमध्ये बोललीस तर दुकानदार आतला माल काढून दाखवतो.

संध्याकाळ हिशेबाची आणि मालाची. ऑर्डरी, फोटो, कुरिअर यांना सूर्यास्ताआधी हात लावू नकोस, नाहीतर ते सगळा दिवस खाऊन टाकतात. भाव ठरवताना फक्त काच आणि लोकर धरू नकोस. भट्टीची वीज, तडकलेले मणी, नमुने, धुणं, भोकं घासणं, हे सगळं धर. हे तास न धरता स्वस्त विकलंस तर आधी तुझं पोट मारलं जाईल आणि मग कामातला नीटपणा. कुणी घासाघीस केली तर प्रेमानं भोकाची कड दाखव आणि ताण कसा तपासतो ते सांग. समजणारे समजतात, बाकीच्यांना हसून जाऊ दे. मनगट आणि मान जप. तासाभरानं उठून हात मोकळे कर, आणि आठवड्यातला एक दिवस टॉर्चही नको, पाणीही नको.

पहिले काही महिने विकायची घाई नको. राहायला माझं घर आहे, खोली रिकामी आहे, जेवणाची चिंता नाही. भट्टीतून निघालेला प्रत्येक मणी आधी तू नाकारायला शीक. जो मणी तुझ्या स्वतःच्या आईच्या गळ्यात घालायला तुझं मन कचरेल, तो परक्या बाईच्या गळ्यातही जाता कामा नये. एवढं पाळलंस तर हे काम तुला आयुष्यभर पुरेल आणि मानानं जगवेल, याची मला खात्री आहे.

येताना दख्खनी लोकरीचं एक पोतं आण. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या