आधी ऐकावे, मग सांगावे

सज्जनहो, गावात कोणी जिवाचे बरेवाईट करून घेतले की आपण पारावर बसून म्हणतो, "आत्महत्या हे महापाप." शिकवण म्हणून हे ठीक. परंतु ज्याच्या मनात मरणाचा विचार घोळतो आहे, त्याच्या तोंडावर हे बोलावे काय?

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवाशास शके 1212 मध्ये माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. त्या गीतेचा आरंभच मुळी अर्जुनाच्या शोकाने होतो. पहिल्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो की, मी शस्त्र टाकतो, कौरवांनी मला मारले तरी तेच बरे. हे मरण मागणेच झाले! त्याचे बोलणे चालू असता देव त्यास मध्येच तोडीत नाहीत. दुसऱ्या अध्यायात देव प्रथम दोन कडक शब्द बोलतात खरे. पण नीट पाहा, त्या शब्दांनी अर्जुन उठला नाही. त्याने पुन्हा आपले दुःखच सांगितले, "मला सुचत नाही, तूच सांग" म्हणाला, आणि लढणार नाही म्हणून गप्प बसला. देवांचा खरा उपदेश त्यानंतरचा. पुढे त्याने कितीक शंका काढल्या, देव कंटाळले नाहीत.

कोणी म्हणेल, देवांजवळ उत्तर होते, आम्हा संसारी माणसांजवळ कुठले? बरोबर आहे. पण उत्तर नसले तरी कान आहेत ना? आजचे मानसोपचाराचे डॉक्टरही आरंभ ऐकण्यापासूनच करतात. ते सरळ विचारतात, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे; अभ्यासांती तसे आढळलेले नाही. उलट कोणीतरी विचारले, म्हणून माणूस मोकळा होतो. मग ते विचारतात, काही ठरवले आहे का, साधन जवळ आहे का? असेल तर ते दूर करवितात. आपणही फवारणीची औषधे घरातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवावी, त्या माणसास एकटे सोडू नये, आणि "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नये. "लेकराबाळांचा विचार कर" हेही घाईने म्हणू नये. तो विचार त्याने केलेलाच असतो. आपण त्यांना भार झालो, असेच त्याला वाटत असते.

वारीत कोणाचे पाय सुजले तर "थकणे पाप आहे" असे आपण म्हणत नाही. त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतो. मन थकलेल्यास वेगळा न्याय का? कायद्यानेही 2017 साली हेच मानले, की असा प्रयत्न करणारा माणूस अतिशय ताणाखाली आहे असे धरावे आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. पाप-पुण्याचा निवाडा पांडुरंगाकडे. आपल्याकडे जागे राहून सोबत करणे आहे.

सोबत करताच त्यास सरकारी दवाखान्यात न्यावे. 2022 पासून 14416 हा टेली-मानसचा फोन रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीतही बोलता येते. हा आकडा भजनी मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

रामकृष्णहरि.